आठ महिने ‘सी सो’सोबत: लिसा हॅनिगनचा पहिला अल्बम

मागच्या ऑक्टोबरमध्ये डब्लिनमधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये पावसाळी बूट शोधायला गेले होते. बूट मापाचे मिळाले नाहीत. पण दुकानातल्या आजीबाईंनी अर्धा तास खोके उपसून दाखवले होते, त्यामुळे रिकाम्या हाताने निघायला मला जमेना. काउंटरशेजारच्या टोपलीवर ‘कुठलीही सीडी एक युरो’ अशी चिठ्ठी होती, त्यातली एक उचलली. उचलली ती मुखपृष्ठ बघून. ते छापलेलं असलं तरी मुळात शिवलेलं होतं. माझी आजी सांगलीत वाकळा शिवायची. तिचा धावदोरा बघत वाढलेल्या माणसाला टाका हाताचा की मशीनचा हे लांबूनच कळतं. हा हाताचा होता. घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं की गाणाऱ्या बाईनेच, म्हणजे लिसा हॅनिगन या आयरिश गायिकेनेच, तो घातलाय.

तेव्हा हा अल्बम मी ठरवून घेतलेला नाही, आणि मला पाश्चात्त्य संगीतातलं फार कळतं असंही नाही. एक युरोचा माल आठ महिने जवळजवळ रोज वापरात राहिला, त्याचा हा अनुभव.

आधी वस्तूची माहिती. ‘सी सो’ म्हणजे समुद्र आणि शिवण. इंग्रजी स्पेलिंग समोर धरलं की बागेतल्या सी-सॉचीही आठवण होते, आणि ती गंमत मुद्दामच केलेली आहे. अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आयर्लंडमध्ये आला, तिच्या स्वतःच्या लेबलवर. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ आटोपतो. तालीम किलकेनी काउंटीतल्या थॉमसटाउनच्या एका कोठारात आणि ध्वनिमुद्रण डब्लिनच्या ‘द कॉल्ड्रन’ स्टुडिओत, तेही जेमतेम दोन आठवड्यांत. निर्माता जेसन बोशॉफ. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अल्बमसाठी असलेल्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत तो पोचला. पुरस्कार स्पीच डेबेल या रॅपर मुलीने नेला.

लिसा हॅनिगन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण आवाज बहुधा ऐकलेला असेल. डेमियन राईस या आयरिश गायकाचा २००२ चा ‘ओ’ हा अल्बम आमच्या हॉस्टेलवर प्रत्येक प्रेमभंगाला लागायचा. त्यातलं ‘द ब्लोअर्स डॉटर’ हे गाणं २००४ च्या ‘क्लोजर’ चित्रपटामुळे जगभर गेलं. त्या गाण्यात शेवटाकडे एका बाईचा आवाज येतो, मोजक्या ओळी म्हणतो आणि निघून जातो. ती हॅनिगन. २००६ च्या ‘नाइन’ या त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये तर पहिल्या गाण्याची सुरुवातच तिच्या आवाजाने होते. तरी वेष्टनावर नाव त्याचंच.

आमच्याकडे जत्रेत पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे नातं लगेच कळेल. शाहीर पुढे, डोक्याला फेटा, हातात डफ. मागे दोघं-तिघं झीलकरी ‘जी जी रं जी’ करत सूर धरून उभे. शाहीर दम घेतो तो त्यांच्या जिवावर, पण जत्रेहून परतताना लोकांच्या तोंडी नाव शाहिराचं असतं. हॅनिगन कितीतरी वर्षं राईसची झील धरून होती. २००७ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी हा अल्बम आला.

आता झीलकरी पुढे आला की काय होतं? बहुतेक वेळा तो खच्चून गातो. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर काढतो. मीही तेच गृहीत धरून सीडी लावली, आणि म्हणूनच पहिला महिना फुकट गेला. कारण ही बाई पुढे येऊनही आवाज चढवत नाही. झील धरताना जितक्या हळू गायची, तितक्याच हळू गाते. फक्त आता तिच्या पुढ्यात कोणी नाही. आपणच मान पुढे करून ऐकायचं.

पहिल्या महिन्यातलं माझं मत मी तेव्हा धाकट्या बहिणीला कळवलं होतं, ते फोनमध्ये अजून आहे: ‘गोड आहे. चहात साखर जास्त झाल्यासारखं.’ ते मत बदललं, पण एकदम नाही.

आमची गाडी जुनी आहे आणि तिच्यात सीडीची फट आहे, म्हणून वापर तिथूनच सुरू झाला. स्पष्ट सांगते, गाडीसाठी हा अल्बम वाईट आहे. एम-५० या डब्लिनच्या बाह्यवळण मार्गावर डिझेलच्या घरघरीत निम्मी गाणी बुडून जातात. ‘कीप इट ऑल’ची सुरुवात मी पहिले सहा आठवडे ऐकलेलीच नव्हती. आवाज वाढवावा तर पुढच्या भागात ड्रम अंगावर येतात, की परत कमी करा. सतत हात बटणावर. गावातल्या गावात, तीसच्या वेगात, पाऊस नसेल तर ठीक. आणि डब्लिनमध्ये ‘पाऊस नसेल तर’ ही अट किती दिवस पाळली जाते ते विचारू नका.

मग नोव्हेंबर संपता संपता गाडी दुरुस्तीला गेली आणि मी महिनाभर डार्टने ऑफिसला जाऊ लागले. डार्ट म्हणजे इथली लोकल, किनाऱ्याला धरून धावणारी. सीडी घरी राहिली, अल्बम फोनवर घेतला, कानात इअरफोन. तिथे सगळं बदललं.

कानाला लागल्यावर कळलं की या आवाजात श्वास किती आहे. ओळ सुरू व्हायच्या आधी ती श्वास घेते तो ऐकू येतो, ओळ संपताना आवाज थोडा चिरकतो तोही तसाच ठेवलाय. तंतुवाद्यांवर बोटं घासल्याचा आवाज, कुठे ग्लॉकनश्पीलची (धातूच्या पट्ट्यांवर काड्यांनी वाजवायचं वाद्य) टिकटिक, डोना मलॉयचा ट्रम्पेट लांबून कुठूनतरी आल्यासारखा. हाताने शिवलेल्या कापडाची उलटी बाजू बघितली की गाठी दिसतात. इथे गाठी सुलट बाजूला आहेत आणि कोणी त्या लपवलेल्या नाहीत. बासवर शेन फिट्झसिमन्स आणि ड्रमवर टॉम ओसँडर ही राईसच्या संचातलीच माणसं आहेत, पण इथे ती हात राखून वाजवतात.

एका शनिवारी काम नसताना मी मुद्दाम डार्टने किनाऱ्यावरच्या ब्रे गावापर्यंत गेले. डॉकी स्टेशन सुटलं की गाडी एका बोगद्यात शिरते आणि बाहेर येते ती थेट किलिनीच्या उपसागराच्या डोक्यावर. खाली सगळा समुद्र. मी पेअर्स स्टेशनवर अल्बम सुरू केला होता; बोगद्यातून बाहेर पडताना सातवं गाणं चालू होतं, ‘कोर्टिंग ब्लूज’. अल्बममधलं हे एकच गाणं तिचं नाही. बर्ट जान्श या स्कॉटिश गिटारवादकाचं, त्याच्या १९६५ च्या पहिल्या अल्बममधलं. दुसऱ्याच्या पहिल्या अल्बममधलं गाणं आपल्या पहिल्या अल्बममध्ये घ्यायचं, यात मला एक रीतभात दिसते. आपल्याकडे गवई मैफलीत गुरूची चीज घेतो तशी. आणि तिने ते गाणं जिंकायचा प्रयत्न केलेला नाही. नुसतं मांडलंय.

समुद्र या अल्बममध्ये सगळीकडे आहे. नावात, ‘सी साँग’मध्ये, ‘स्प्लिशी स्प्लॅशी’ या पोरकट नावाच्या पण अजिबात पोरकट नसलेल्या गाण्यात, शेवटच्या ‘लील’मध्ये. लील हे खरं तर उत्तर फ्रान्समधलं शहर, समुद्रापासून आतलं. गाणं मात्र समुद्रावर गेलेल्या माणसापासून सुरू होतं. गंमत म्हणजे हॅनिगन वाढली ती मीथ काउंटीतल्या किलक्लूनमध्ये, आतल्या भागातल्या, कुरणांच्या गावात. मी सांगलीची. आमच्यासाठी पाणी म्हणजे कृष्णा, आणि समुद्र म्हणजे आठवीच्या सहलीत गणपतीपुळ्याला बघितलेला. किनाऱ्यावर जन्मलेला माणूस समुद्राबद्दल इतकं बोलत नसावा. त्याला तो रोज कचरा टाकताना दिसतो.

पहिलं गाणं ‘ओशन अँड अ रॉक’ दूर असलेल्या माणसाबद्दल आहे. दौऱ्यावर असताना घरच्याची आठवण. विषय जुनाच, पण यात टाहो नाही. कपड्यांच्या कप्प्यातली, खिशातली, रोजची बारीकसारीक गोष्ट घेऊन ती अंतर मोजते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मी पहिल्या वर्षी आईने दिलेल्या भाजणीच्या पिशवीचा रबरबँडसुद्धा टाकला नव्हता.

डिसेंबरमध्ये इथे चारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. त्या दिवसांत अल्बम स्वयंपाकघरात आला, एका जुन्या लॅपटॉपच्या बाहेरच्या सीडी ड्राइव्हवर. ही त्याची सगळ्यात चांगली जागा. कुकरच्या शिट्ट्यांमध्येही तो टिकतो, कारण तीन-चार वेळा कानात बसलेला असतो आणि बुडालेल्या ओळी आपण आपल्या मनात भरून घेतो. पोळ्या लाटायला ‘आय डोन्ट नो’सारखं दुसरं गाणं नाही. बरोबर लय आहे.

त्या गाण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण मला वाटतं अल्बमचा सगळा जीव तिथे आहे. नुकत्याच दिसलेल्या एका माणसाबद्दल तिला काय काय माहीत नाही, त्याची ही यादी. तू पत्रं लिहितोस की फोनवर घाबरतोस? पोहता येतं का? सकाळी बरा असतोस की संध्याकाळी? ताटात वाढलेलं मुकाट्याने खातोस की नुसतं इकडून तिकडे सारतोस? माझ्या लग्नाआधी कांदेपोह्यांचे अकरा कार्यक्रम झाले. पगार, पॅकेज, पत्रिका, स्वतःचा फ्लॅट आहे का, पुण्यातच राहणार का, हे सगळं विचारून झालं. ताटातलं सारतोस का, हे एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर अकराचे सहा झाले असते. (नवरा हे वाचणार आहे. तो सारतो.)

या गाण्याचं एक चित्रीकरण प्रसिद्ध आहे, केरी काउंटीतल्या डिंगल गावच्या ‘डिक मॅक्स’ नावाच्या पबमध्ये केलेलं. सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली, वाद्यं मांडीवर, ती मधोमध. मार्चच्या बँक हॉलिडेला आम्ही डिंगलला गेलो होतो, तेव्हा ती जागा बघितली. एका बाजूला दारूचा काउंटर आणि समोर चामड्याच्या पट्ट्यांचं, बुटांचं दुकान, दोन्ही एकाच खोलीत. चामड्याचा आणि बिअरचा मिळून वास. तिथे उभं राहिल्यावर या अल्बमचं माप कळलं. हे एवढ्या खोलीसाठी बनवलेलं संगीत आहे. हेच गाणं तिने फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत ‘द कोलबेअर रिपोर्ट’ या टीव्ही कार्यक्रमात केलं, मी तेही बघितलं, चांगलं आहे, पण मला खोलीतलंच आवडतं.

आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना एकदा मागे हॅनिगनच्या एका कार्यक्रमाची क्लिप लागलेली होती. ती मंचावर युकुलेले, मेलोडिका, हार्मोनियम असं बरंच काही वाजवते. आई बोलता बोलता थांबली.

‘पेटी आहे का गं ती?’

‘हो.’

‘आणि बाई गातेय केव्हा? मघापासून सूरच लावतेय.’

‘आई, गातेयच ती.’

‘मग जरा जोरात गा म्हणावं.’

आई भजनी मंडळात आहे, तिथे माइक नसतो. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर आहे. पेटी मुळात युरोपातून आपल्याकडे आली आणि आपण तिला मांडी घालून बसायला शिकवलं. परत इकडे तिचा सूर ऐकला की गावाकडचा माणूस विमानतळावर भेटल्यासारखं होतं.

आता तक्रारी.

‘पिस्टॅशिओ’ मी आजही पुढे ढकलते. आठ महिने संधी दिली. शब्दांची चलाखी आधी कळते आणि गाणं मागून येतं. ‘व्हेन डायग्रॅम’मध्येही थोडं तेच: गणितातल्या एकमेकांवर चढलेल्या वर्तुळांवर प्रेमाचं रूपक रचलंय, पहिल्यांदा ‘वा’ म्हणून झालं की उरतं कमी. पण त्याची चाल बरी आहे म्हणून ते वाचतं. काही ठिकाणी टिकटिकणारी, किणकिणणारी वाद्यं इतकी होतात की पाळण्यावरचं खेळणं फिरतंय असं वाटतं. पहिल्या महिन्यातलं माझं साखरेचं मत सगळंच चुकीचं नव्हतं.

आणि मग ‘टीथ’ येतं, नववं गाणं. ते अंधारातलं आहे. तंतुवाद्यं हळूहळू दाटत जातात, आवाजातला गोडवा कुठे गेला कळत नाही, आणि पहिल्यांदा वाटतं की या बाईकडे रागही आहे, तिने तो फक्त नीट घडी घालून ठेवलाय. ‘कीप इट ऑल’ आणि ‘टीथ’सारखी आणखी दोन गाणी असती तर अल्बम वेगळ्या उंचीवर गेला असता. माझ्या मते ही त्याची खरी उणीव आहे. तिच्या २०१६ च्या ‘अ‍ॅट स्विम’ या तिसऱ्या अल्बममध्ये तो अंधार जास्त आहे, आणि ते ऐकल्यावर मला इथलं साखरेचं प्रमाण जास्तच खुपायला लागलं.

‘आयरिश लोकसंगीत’ या नावाखाली काही वेगळं अपेक्षित असेल तर तेही आधीच सांगते. पबमध्ये फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची बासरी) आणि बोव्हरानवर (आयरिश डफ) पाय आपटत चालणारं संगीत हवं असेल, तर ते इथे नाही. ‘शान नोस’ म्हणजे साथीशिवाय, आयरिश भाषेत, एकट्याने गायची जुनी पद्धत. तीही इथे नाही, सगळी गाणी इंग्रजीत आहेत. पण माझ्या ऑफिसमधले गोलवेकडचे एक काका, ज्यांच्या घरी आयरिश बोलतात, ते म्हणाले की ती ओळीच्या शेवटी आवाज सोडून देते ना, सजवत नाही, ते आमच्याकडचं आहे. ते खरं की काका कौतुकाने बोलले, हे ठरवण्याइतका माझा कान तयार नाही. डेमियन राईसच्या ‘ओ’सारखं रडायला मिळेल म्हणून घेणाऱ्यांनी मात्र घेऊ नये. इथे रडू येत नाही. एकदा आलं होतं, पण त्या दिवशी आजीच्या वर्षश्राद्धाला मला जाता आलं नव्हतं. त्याचा दोष ‘लील’ला देता येणार नाही.

घरात लहान मूल असेल तर एक फायदा. आमच्या शेजारणीची चार वर्षांची मुलगी ‘साँग ऑफ द सी’ हा किलकेनीच्या कार्टून सलूनने काढलेला २०१४ चा अ‍ॅनिमेशनपट रोज बघते. त्यातल्या आईचा आवाज हॅनिगनचाच आहे. पोरीने आमच्या स्वयंपाकघरात हा अल्बम ऐकला आणि दोन मिनिटांत ओळखलं. मला ओळखायला विकिपीडिया लागला होता.

तारे द्यायचेच तर पाचपैकी चार. अर्धा ‘पिस्टॅशिओ’चा कापला, अर्धा किणकिणीचा. एका युरोच्या मानाने पाचही दिले असते, पण किंमत गाण्याने ठरवलेली नव्हती.

सध्याची स्थिती: मे महिन्यात जुनी गाडी विकली. नव्या गाडीत सीडीची फटच नाही. विक्रेत्या मुलाला विचारलं तर त्याने टेप रेकॉर्डर मागितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. लॅपटॉपचा ड्राइव्ह गेल्या आठवड्यात बंद पडला. डबीची बिजागरी तर मी घेतली तेव्हाच तुटलेली होती. फोनवर सगळी गाणी आहेत, तरी सीडी खिडकीत मसाल्याच्या डब्याशेजारी उभी आहे, टाके बाहेरच्या बाजूला करून. या शनिवारी परत त्याच चॅरिटी शॉपमध्ये जाणार आहे, सीडी प्लेअर मिळतो का बघायला. आणि बूट.